सिंहतोंडी नळाजवळचा सातवा दगड

परतूरच्या ठेसनाच्या पायरीपासून कापसाच्या जुन्या जिनाच्या फाटकापर्यंत एक हजार नऊशे बारा पावलं होतात. माझी पावलं. खांद्यावर टपालाची पिशवी असेल तर एक हजार नऊशे चाळीस, कारण पिशवीच्या वजनानं माणूस जरा तिरका चालतो. चौतीस वर्षं मी या पेठेत टपाल वाटलं. कोणत्या दाराची कडी सैल आहे, कोणती म्हातारी मनिऑर्डर सुनेच्या हातात पडू देत नाही, कोणतं कुत्रं खाकी रंगावर चिडतं, सगळं मला पाठ. माझे डोळे बांधा आणि मला उलटा चालवा. तरीही अख्खी पेठ दाखवीन, आणि तुम्हाला एकदासुद्धा ठेच लागू देणार नाही.

आणि अशा मला, या तातेरावाला, एक पोरगी तोंडावर सांगते, "आबा, गाइड लागणारच न्हाई. लोक आपलं आपण फिरतील."

ही आकांक्षा. आमच्या गल्लीतल्या गोजरबाईची नात. पुण्याला जाऊन आर्किटेक्ट झाली आणि परत आल्यावर तिला आमची पेठ दिसली. इतकी वर्षं ती दारातच होती, पण तेव्हा दिसली नव्हती. रेल्वे इथं आली त्या सुमारास विलायतेत व्हिक्टोरिया राणी शेवटचे दिवस मोजत होती. इथं राज्य निजामाचं, पण पेठेचे बिडाचे खांब, कमानीच्या खिडक्या आणि नक्षीचे कठडे सगळे राणीच्या तोंडवळ्याचे. म्हणून आम्ही तिला राणीछाप पेठ म्हणतो.

आकांक्षानं पेठेत दहा दगड रोवले. गुडघ्याएवढे, राखाडी रंगाचे. प्रत्येकावर नंबर कोरलेला आणि खाली क्यूआर कोडचा चौकोन. माणसानं ठेसनावर उतरायचं, फोन त्या चौकोनाला दाखवायचा, कानात गोष्ट ऐकायची आणि पुढच्या दगडाकडं चालायचं. बोलायला कुणी नको, विचारायला कुणी नको.

"मंग मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही गोष्टी द्या ना आबा. तुमच्याच आवाजात टाकते."

म्हणजे माझा आवाज पाहिजे, फक्त मी नको! मी इतका चिडलो की त्या रागात सलग दोन तास बोलत बसलो. दहा दगडांच्या दहा गोष्टी रेकॉर्ड झाल्या. आठ दिवसांनी ती कागदांची थप्पी घेऊन आली.

"आबा, ठेसनावर वाघानं स्टेशनमास्तरला तिकीट मागितलं, हे कोणत्या साली?"

"साल कशाला पायजे? वाघ काय जन्माचा दाखला घेऊन आल्ता का?"

"आणि साहेबाची मड्डम कापसाच्या ढिगात पडली, ती गठाणीसोबत मुंबईला जाऊन निघाली?"

"बराबर. हसत निघाली."

तिनं नऊ गोष्टी पुसून टाकल्या. माझ्या देखत, अंगठ्यानं, एकेक. लोकांच्या उंबऱ्यावर बसून चाळीस वर्षांत घडवलेला माल होता तो. त्या जागी ती सालासकटची माहिती टाकणार होती. मग ती सातव्या दगडाच्या गोष्टीशी थांबली.

"ही?"

"ही खरी हाये."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि साल विचारलं नाही. नेमकं याच गोष्टीचं साल मला माहीत होतं.

सातवा दगड आहे सिंहतोंडी नळाजवळ. बिडाचा नळ, त्यावर सिंहाचं तोंड, त्या तोंडातून पाणी. त्या काळी आमच्या लोकांनी त्याला हात लावायचा नाही, आमचं पाणी नाल्याकडच्या विहिरीवर. माझे वडील लिंबाजी जिनात हमाल होते. छप्पन साली ते नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन रेल्वेनं परत आले. मी सहा वर्षांचा, आईच्या बोटाला धरून ठेसनावर गेल्तो. वडील पांढऱ्या कपड्यात उतरले. घराकडं वळायचं सोडून सरळ या नळाशी गेले, तोटी सोडली, ओंजळ धरली आणि पोटभर पाणी प्याले. नळावर बाया होत्या, दुकानदार होते. सगळे बघत होते. वडिलांनी तोंड पुसलं, पाणी वाया जाऊ नये म्हणून तोटी घट्ट बंद केली आणि मला म्हणाले, "चल."

एवढीच गोष्ट आहे. यात वाघ नाही. पण ही पेठेत येणाऱ्या माणसानं ऐकावी, एवढं एकच मला पाहिजे होतं. बाकीच्या नऊ गोष्टी गेल्या तर गेल्या.

पहिल्या रविवारी मी इस्त्रीचा सदरा घालून नळासमोर खुर्ची टाकली. नळ तीस वर्षांपासून कोरडा, पण सिंह होता. माणसं आली. जालन्याची होती, परभणीची होती. कानात फोनची बोंडं घातलेली आणि मान खाली. सहाव्या दगडावरून निघाली ती थेट आठव्यावर गेली! सातव्यापुढं राधेश्यामनं कोल्ड्रिंकचे रिकामे क्रेट रचले होते. राधेश्यामचं हॉटेल नळाला लागूनच. राखाडी दगड, राखाडी भिंत, समोर क्रेट. दगड दिसणार कसा?

"राधेश्याम, क्रेट उचल."

"उचलतो ना काका. गाडी आली की जल्दी उचलतो."

चार रविवार झाले तरी त्याची गाडी आली नाही. चार रविवार मी सदरा घालून बसलो. एक बाई तेवढी थांबली. तिनं मला विचारलं, "आजोबा, इथं बाथरूम कुठंय?"

पाचव्या आठवड्यात माझं डोकं तापलं, मे महिन्यातला पत्रा तापावा तसं. घरात कपाटामागं नारिंगी ऑइलपेंटचा डबा होता. वडीगोद्रीचे आमचे जावई सुमित, त्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मारून उरलेला. दुपारचे दोन वाजलेले. त्या वेळेला परतुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मी क्रेट बाजूला ओढले आणि दगडाला वरपासून खालपर्यंत दोन हात दिले. क्यूआरचा चौकोन तेवढा राखला. नंबर रंगाखाली बुजला, तो पांढऱ्यानं नंतर काढू म्हटलं. उन्हात रंग लगेच वाळला. दगड असा झळकला की आंधळ्याला दिसावा.

घरी येऊन बायकोला सांगितलं. कांताबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"कोणता रंग म्हनालात?"

"नारिंगी."

"रस्त्याकडंचा दगड. उभा. आन् तुमी त्याला नारिंगी फासून आलात. पंचाहत्तर वर्षं कोणत्या मुलखात राह्यलात तुमी?"

खरं सांगतो, माझ्या ध्यानातच आलं नाही. छप्पन सालापासून आमच्या घरात कुणी शेंदराला हात लावला नव्हता. तो काय करतो, हे हात विसरून गेल्ता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडापुढं अर्धा नारळ होता. संध्याकाळपर्यंत झेंडूचा हार आला. तिसऱ्या दिवशी दगडाला चांदीचे डोळे फुटले. डोळे चिकटवायला सपाट जागा पाहिजे होती, ती क्यूआरच्या चौकोनावर मिळाली! चौथ्या दिवशी गोजरबाईचा गुडघा दुखायचा थांबला. ही बातमी गुडघ्यापेक्षा जोरात पळाली. राधेश्यामनं क्रेट त्याच दिवशी उचलले. त्याची गाडी अखेर आली म्हणायची. त्या जागेवर त्यानं नारळ मांडले.

आता सातव्या दगडापाशी जो तो थांबायला लागला. रविवारची फिरणारी माणसं थांबत, फोन खिशात घालत, हात जोडत आणि आठव्याकडं जात. माझ्या वडिलांचा आवाज, म्हणजे माझा आवाज, चांदीच्या डोळ्याखाली चिणला गेल्ता.

कामासाठी पुण्याला परत गेलेल्या आकांक्षाचा फोन आला. "आबा, सात नंबर कुणीच ऐकत न्हाई. फोटोत तर दगडाला डोळे दिसतायत. रंग कुणी लावला?"

"काय माहीत," मी म्हणालो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. हे वाक्य मात्र टाकलं.

शेवटी एका शुक्रवारी ओलं फडकं घेऊन मी निघालो. म्हटलं डोळे पुसू, चौकोन मोकळा करू. दगडाभोवती दहा-बारा बाया होत्या. मी वाकलो, तोच मागून राधेश्याम म्हणाला, "काका, चप्पल."

"काय चप्पल?"

"काढा ना. जागा देवाची हाय. सगळेच काढून राह्यले."

तो बिचारा काही मनात ठेवून बोलला नव्हता. जालन्याहून येऊन त्याला इथं दहा वर्षं झालेली, या नळाचं त्याला काय ठाऊक? पण माझ्या पायाखालून जी आग निघाली ती टाळूतून बाहेर पडली. याच नळावर, याच फरशीवर, चप्पल काढ! फडकं मी खाली आपटलं. एवढ्या गोष्टी सांगणारा माणूस मी, पण तोंडातून एकच वाक्य निघालं.

"देव न्हाई तो. मी रंगवलेला दगड हाये."

बाया वळल्या. गोजरबाई पुढं होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, कधी खोटं न बोललेल्या, आणि गल्लीत त्यांचा शब्द चालतो.

"काय म्हनालात, तातेराव?"

"रंग मी लावला. ट्रॉलीचा रंग. आमच्या जावयाचा."

आधी एक बाई हसली, मग दुसरी. मग सगळ्या इतक्या हसल्या की समोरच्या कठड्यावरची कबुतरं उडाली.

"आन् वाघाच्या तिकिटाचं काय झालं, काका?" राधेश्याम म्हणाला. "ते तर सांगा."

"डबा दाखवतो. थांबा इथंच."

घरी गेलो. कपाटामागं डबा नव्हता. कांताबाईनं तो भीतीपोटी भंगारवाल्याला देऊन टाकला होता.

"पुरावा होता तो," मी ओरडलो.

"म्हनूनच देला," कांताबाई म्हणाली.

मी परत आकांक्षाला फोन लावला. या वेळी खरं सांगितलं. ती मग म्हणाली, "आबा, नंबर कोरलेला आहे. वरचा रंग खरवडा, खाली सात निघेल. नंबर बघितल्यावर लोकांना कळेल तो आपला दगड आहे म्हणून."

आर्किटेक्ट ते आर्किटेक्टच! मी खुरपं घेतलं आणि तसाच नळावर गेलो. बाया अजून तिथंच. म्हटलं, आता सगळ्यांनी डोळे उघडे ठेवून बघा. आणि खरवडायला लागलो. राधेश्याम अडवायला धावला, पण गोजरबाईंनी हात केला. "करू दे. काय निघतं ते बघू."

रंगाचे पोपडे पडले. आधी वरचा बाक निघाला, मग शेपूट. स्वच्छ, कोरीव, ठसठशीत सात. मी उठून उभा राह्यलो, कोर्टात जिंकलेल्या वकिलासारखा.

"वाचा," मी म्हणालो.

गोजरबाईंनी सातकडं पाहिलं. मग नळाकडं पाहिलं. मग परत सातकडं. त्यांचा हात आपोआप पदरावर गेला.

"पान्याची जागा," त्या हळूच म्हणाल्या. "आन् सात. अगं बायांनो, ह्या तर साती आसरा हायेत."

सगळ्या बाया एका दमात खाली बसल्या. विहिरीवर, डोहावर राहणाऱ्या पाण्याच्या सात बहिणी, त्यांना आमच्या मुलखात कोण ओळखत नाही? पंधरा दिवस ज्या देवाचं नाव कुणाला सापडत नव्हतं, त्याला मी खुरप्यानं नाव काढून दिलं. एकीनं खुरप्याला हळद लावली. दुसरीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "तातेरावांच्याच हातून परगट व्हायचं व्हतं," तिसरी म्हणाली.

घरी पोचलो. दारातून समोरच भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. कांताबाईनं माझ्या कपाळाकडं पाहिलं.

"पुसतो," मी म्हणालो.

"आधी भायेर पुसा. मंग आत या."

"यातून एक मार्ग हाये," मी पायरीवर बसून म्हणालो. "मी म्हनतो की आसरा माझ्या सपनात आल्त्या. म्हनल्या, आमाला इथून नाल्याकडच्या विहिरीवर न्या. वाघ पचला तर हे बी पचंल."

 कांताबाईनं नुसती मान वळवून फोटोकडं पाहिलं. मीही पाहिलं. आयुष्यात मी वाघाला बोलतं केलं, मड्डमेला गठाणीत बांधलं. पण देव सपनात आला, हे माझ्या तोंडातून निघणार नव्हतं. जीभ होती, पण ती वडिलांचीही होती. हाताशी एकच हत्यार, आणि तेही मला वापरता येईना. त्या रात्री जेवलो नाही. कांताबाईनं आग्रहही केला नाही, तीही चिडलेलीच होती.

इकडं आसरांना कोरडा नळ चालेना. गोजरबाईंनी मनावर घेतलं. प्लंबर आणला, राधेश्यामच्या हॉटेलातून पाइप ओढला, गंजलेली तोटी बदलली. पुढच्या मंगळवारी सिंहाच्या तोंडातून पाणी आलं. तीस वर्षांनी. अख्खी गल्ली घागरी घेऊन रांगेत उभी. पाण्याचा आवाज आमच्या पायरीपर्यंत येत होता.

मी उठलो. चपला घातल्या. मुद्दाम नव्या, कोल्हापुरी, करकर वाजणाऱ्या.

"कुठं निघालात?" कांताबाईनं विचारलं.

"पानी प्यायला."

तिनं अडवलं नाही. तिनंही चपला घातल्या.

रांगेला वळसा घालून मी थेट नळाशी गेलो. राधेश्याम पुढं आला. "काका, चप्पल तेवढी..."

"ऐक," मी म्हणालो. "पंचाहत्तर वर्षांचा झालो. आजपर्यंत या पेठेत मी जेवढं बोललो तेवढं खोटं धर. आता बोलतो ते ऐक."

आणि मी सांगितलं. छप्पन साल, रेल्वे, पांढरे कपडे, ओंजळ, बंद केलेली तोटी. हातवारे केले नाहीत, आवाज चढवला नाही. माझ्या सगळ्या गोष्टींत ही सगळ्यात वाईट सांगितलेली. 

 घागर भरून वाहायला लागली तरी कुणी हलवेना. मग राधेश्याम मान हलवून म्हणाला, "चांगली रचली काका. पण वाघाची तिच्याहून भारी हाय."

माझा हात वर गेला. खरंच गेला, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात गोजरबाई बोलल्या.

"रचली न्हाई."

सगळे वळले.

"माझी सासू त्या दिवशी इथं व्हती. भरलेली घागर तिनं इथंच वतून देल्ती. घरी जाऊन डोक्यावरून आंघूळ केल्ती. मला लई डाव सांगितलंय तिनं, हसत हसत." त्या थांबल्या. "मी बी हसायचे."

"गोजरबाई, तुमी बी तातेरावांच्या नादी लागलात का?" मागून एक बाई म्हणाली आणि चार जणी फिसकन हसल्या. बघा आमची पेठ! जन्मात खोटं न बोललेली बाई माझ्या बाजूनं उभी राह्यली, तर खरं मी बोलतोय असं नाही, खोटं ती बोलतेय असं ठरलं.

गोजरबाई लाल झाल्या. त्यांना चिडलेलं मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी कमरेला पदर खोचला, दगडापुढं जाऊन उभ्या राह्यल्या, आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"मंग हे ऐका. काल राती आसरा माझ्या सपनात आल्त्या. साती जनी. म्हनल्या, या जाग्यावर कुनाला चप्पल काढ म्हनायचं न्हाई. आन् लिंबाजीच्या लेकानं पानी पेल्याबिगर कुनी घागर लावायची न्हाई. आन् ते डोळे काढून जरा वर लावा म्हनल्या, पोरीचा तो चौकोन झाकतोय."

पापणी लवायच्या आत रांग दोन पावलं मागं सरकली. राधेश्यामनं स्वतः डोळे काढले, नखानं कुंकू खरवडलं आणि चौकोन आपल्या शर्टाच्या बाहीनं पुसला. मी चपलांसकट फरशीवर चढलो, ओंजळ धरली आणि प्यालो. कांताबाई माझ्यामागून प्याली. पाण्याला नव्या पाइपची चव होती. तोटी मीच बंद केली.

परत येताना गोजरबाई सोबत होत्या. त्यांचा गुडघा पुन्हा दुखायला लागल्ता. गल्लीच्या तोंडाशी मला राहवलं नाही.

"गोजरबाई, खरंच आल्त्या का सपनात?"

त्या थांबल्या. माझ्याकडं बारीक नजरेनं पाहिलं.

"तुमच्या वाघानं तिकीट मागितलं व्हतं का?"

मी विचार केला. कांताबाई शेजारीच उभी होती.

"मागितलं व्हतं," मी म्हणालो.

"मंग ह्या बी आल्त्या."